नव्या भागात मुक्काम हलवताना मुलींची खासगी ज्युनियर शाळा कशी पारखावी? (इंग्लंड)

ओवी_२१
बर्मिंगहॅम सोडून उन्हाळ्यात लंडनच्या नैऋत्येला, किंग्स्टन-सर्बिटनच्या पट्ट्यात मुक्काम हलतोय. लेक सप्टेंबरात इयर थ्रीमध्ये (सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग) जाईल. तिकडे मुलींच्या खासगी ज्युनियर शाळा बऱ्याच आहेत. काहींना वर (अकराव्या वर्षानंतरची) सीनियर शाळा जोडलेली, काही अकराव्या वर्षी संपणाऱ्या. माहितीपत्रकं सगळ्यांची एकाच छापाची: हसऱ्या मुली, व्हायोलिन, हिरवळीवर हॉकी. निवडायचं कशावर? आधी घर की आधी शाळा? आणि जानेवारीची सेव्हन-प्लस (सातव्या वर्षीची खासगी शाळांची प्रवेशपरीक्षा) हुकलीच आहे, तर आता दारं बंद समजायची का? अमुक शाळा छान, तमुक भिकार असं नको. पारखायचं कसं ते सांगा.

खडूफळा
दारं बंद नाहीत, फक्त मुख्य फाटक बंद झालंय. सेव्हन-प्लस ही तुकडी एकदम भरण्यासाठी असते. त्यानंतर सुटणाऱ्या जागांना 'ऑकेजनल प्लेस' म्हणतात आणि त्या वर्षभर निघत राहतात.

त्यातही दोन वेळा महत्त्वाच्या. पहिली फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऑफर स्वीकारायची मुदत संपली की. एकेका मुलीच्या हातात दोन-तीन ऑफर असतात. तिने एक ठेवली की बाकीच्या मोकळ्या. दुसरी वेळ फारशी कुणाला ठाऊक नसते: एप्रिलमध्ये समर टर्म (वर्षाच्या तीन टर्मपैकी शेवटची) सुरू होते तो आठवडा. जुलैत शाळा सोडणाऱ्यांना पूर्ण एका टर्मची लेखी नोटीस द्यावी लागते, म्हणजे समर टर्मच्या पहिल्या दिवसाआधी. त्यामुळे त्या आठवड्यात रजिस्ट्रारकडे (प्रवेशाचं काम बघणाऱ्या व्यक्तीकडे) सप्टेंबरच्या रिकाम्या जागांचा पक्का आकडा असतो. तेव्हा इमेल नको, सरळ फोन करा.

त्याआधी नाव पोहोचलेलं असावं म्हणून आत्ताच एक इमेल टाका: जन्मतारीख, सध्याचं इयर, येण्याचा महिना, शेवटचे दोन रिपोर्ट, आणि मुलीला काही जादा मदत चालू असेल तर तीही. हे शेवटचं दडवू नका. महत्त्वाची माहिती लपवली तर जागा काढून घेता येईल असं कलम बहुतेक करारांत असतं.

नोंदणी फी परत मिळत नाही. म्हणून आधी 'इयर थ्रीत जागा आहे का, नसेल तर प्रतीक्षायादीत आमचा नंबर कितवा' हे विचारा आणि मग पैसे भरा. उलटा क्रम शाळेच्या सोयीचा असतो.

चिंचगुळी
पुण्यात ज्युनियर म्हणजे अकरावी-बारावी. शीर्षक वाचून वाटलं, लेक सायन्सला चाललीय!

पोटमाळा
घर आधी की शाळा? दोन्ही नाही. आधी पर्यायी सरकारी शाळा, मग घर, मग खासगी शाळा.

खासगी शाळेला बहुधा हद्द नसते, पाच मैलांवरूनही मुली येतात. पण फी झेपेनाशी झाली, मुलीचं जमलं नाही किंवा शाळाच बंद पडली, तर जायचं कुठे हे तुमचा पोस्टकोड ठरवतो. त्यामुळे घर बघताना आसपासच्या प्रायमरी शाळांना गेल्या वर्षी किती अंतरापर्यंत प्रवेश मिळाला ते काउन्सिलच्या पुस्तिकेत बघा. शेवटच्या मुलाचं अंतर तिथे छापलेलं असतं.

इयर थ्रीचा एक फायदा आहे. रिसेप्शन (शाळेचं पहिलं वर्ष), इयर वन आणि इयर टूमध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा असते. इयर थ्रीपासून ती लागू नाही, त्यामुळे एखादं मूल वाढवून घेणं शाळेला शक्य असतं. शिवाय खासगीवाले याच वयाला मुलं उचलतात, म्हणून या पट्ट्यातल्या सरकारी शाळांत इयर थ्रीत जागा सुटतात.

अर्ज मात्र नीट समजून घ्या. स्वतंत्र (इयर थ्रीपासून सुरू होणाऱ्या) सरकारी ज्युनियर शाळेतल्या इयर थ्रीसाठी मुदत १५ जानेवारीला संपते आणि ऑफर १६ एप्रिलला येतात. आता केलेला अर्ज उशिराचा धरतील. चार ते अकराच्या प्रायमरीत मात्र इयर थ्रीसाठी 'इन-इयर' (नेहमीच्या प्रवेशफेरीबाहेरचा) अर्ज करायचा. तो किती आठवडे आधी घेतात आणि पत्त्याचा कोणता पुरावा चालतो, हे काउन्सिलगणिक बदलतं. हा अर्ज फुकट आहे आणि खासगी जागा हातात असली तरी करता येतो. करून ठेवा.

हिशेबनीस
फीबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी.

१ जानेवारी २०२५पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट आहे. एप्रिल २०२५पासून इंग्लंडमधल्या धर्मादाय शाळांची बिझनेस रेट्समधली (जागेवरच्या करातली) सवलतही गेली. म्हणजे जुन्या धाग्यांमधले, ओळखीपाळखीतले फीचे आकडे विसरा. शाळेला पहिला प्रश्न: हा आकडा व्हॅटसकट की व्हॅट सोडून? दोन शाळांची तुलना करताना एकीचा सकट आणि दुसरीचा सोडून, असं सर्रास होतं.

आकडेमोड कशी करायची ते दाखवतो. आकडे उदाहरणापुरते आहेत. टर्मची फी ६,००० पौंड अधिक व्हॅट म्हणजे ७,२००. तीन टर्मचे २१,६००. जेवण टर्मला ३०० धरा, वर्षाचे ९००. शाळेनंतरची देखभाल दिवसाला १५ पौंड, आठवड्याला चार दिवस, ३४ आठवडे: २,०४०. झाले २४,५४०. यात गणवेश, सहली, वैयक्तिक संगीत शिकवणी, बस काहीच नाही. आणि नुसती फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली तर इयर थ्री ते सिक्सची चार वर्षं साधारण ९३,१०० पौंडांना पडतात. इयर टूतून थ्रीत जाताना बऱ्याच शाळांत फीची पायरी असते, तशीच सिक्समधून सेव्हनमध्ये. पूर्ण तक्ता मागा, एका वर्षाचा आकडा नको.

जेवण किंवा बसचं बिल वेगळं असेल तर त्यावर साधारणपणे व्हॅट लागत नाही. निव्वळ देखभाल असलेल्या ब्रेकफास्ट क्लब आणि आफ्टर-स्कूल केअरवरही नाही. पण तीच वेळ 'कोडिंग क्लब' म्हणून विकली तर लागू शकतो.

टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (मुलांच्या देखभालीच्या खर्चात सरकारी वाटा) शाळेच्या फीला चालत नाही, नोंदणीकृत देखभालीला चालतं: तुमच्या ८० पेन्सवर सरकारचे २०, वर्षाला मुलामागे २,००० पौंडांपर्यंत. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी आर्थिक मदतीवर हक्क नाही) असेल तर ते मिळत नाही. सरकारी शाळेत शिकणं मात्र पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही, त्याबद्दल उगाच धास्ती नको.

पहिलं बिल आलं की ओळ न् ओळ वाचा. आजारपणात फी परत देणारा विमा कधी कधी आपोआप लावलेला असतो. नको असेल तर फॉर्म भरून काढून घ्यावा लागतो.

रानमेवा
हिशेबनीसकाका, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याकडे दुसरा विषय निघाला: होमस्कूलिंग.

तळटीप
हिशेबनीस यांनी फीची बाजू मांडली, पण पैसे बुडतात ते करारात. स्वीकृतीच्या कागदावर सही केली की करार झाला. त्यातलं नोटिशीचं कलम दोनदा वाचा.

बहुतेक ठिकाणी 'अ फुल टर्म्स नोटीस' म्हणजे तीन महिने नव्हे. टर्मच्या पहिल्या दिवसाआधी लेखी नोटीस पोहोचली पाहिजे. एक दिवस उशीर झाला की पुढच्या पूर्ण टर्मची फी. वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितलेलं किंवा पालक-ॲपवर टाकलेलं धरत नाहीत. कुणाच्या नावे आणि दोन्ही पालकांच्या सहीने हवी का, तेही कलमात असतं.

आता ओवींच्या बाबतीतली गोम. हेच कलम शाळा सुरू होण्याआधीही लागू असतं. सप्टेंबरची जागा फुकटात (म्हणजे फक्त डिपॉझिट गमावून) सोडायची तर ती साधारण एप्रिलमधल्या समर टर्मच्या सुरुवातीआधी सोडावी लागते. तुम्ही मे महिन्यात जागा स्वीकारली तर ती तारीख आधीच उलटून गेलेली असणार. म्हणजे सही केल्याक्षणी एका टर्मच्या फीला तुम्ही बांधले गेलात. नोकरीची बदली रद्द झाली, घर भलतीकडे मिळालं, तरीही. करार दुरून, म्हणजे पोस्टाने किंवा ऑनलाइन झाला असेल तर १४ दिवसांत मागे घेण्याची सोय बहुधा करारातच लिहिलेली असते. ती शोधा आणि तारीख कॅलेंडरवर टाका.

डिपॉझिट शाळा सोडताना परत मिळतं, बहुधा बिनव्याजी. शेवटच्या बिलातून वळतं करतात की मागावं लागतं, हेही विचारा.

मोरपंखी
मूळ मुद्द्यावर एक खडा टाकते. फक्त मुलींचीच का? सात ते अकरा या वयात त्याने काय साधतं? मुलींच्या शाळांचे निकाल उजवे दिसतात, पण चाळणी लावून घेतलेल्या आणि खिसा भरलेल्या घरातल्या मुलींचे निकाल उजवेच असणार. त्याचं श्रेय मुलगे नसण्याला कसं द्यायचं?

खडूफळा
मोरपंखी, निकालांबद्दल सहमत. निकालावरून मुलींची शाळा निवडू नये. पण रोजच्या व्यवहारात फरक असतो. फुटबॉलचा आणि क्रिकेटचा पहिला संघ मुलींचा, मैदानाचा मधला भाग मुलींचा, नाटकातला राजा मुलगी. हे सगळं मिश्र शाळेतही होऊ शकतं, फक्त तिथे कुणीतरी मुद्दाम लक्ष घालावं लागतं.

तोटाही सांगतो, तो माहितीपत्रकात नसतो. एकच तुकडी, वर्गात १४ मुली आणि सगळ्या मुलीच. तिघींच्या मैत्रीत एक बाजूला पडली की तिला जायला जागा नाही. चार वर्षं त्याच तेरा जणी समोर. म्हणून विचारायचं: तुकड्या किती? दोन असतील तर दरवर्षी सरमिसळ करता का? इयर थ्रीत नव्या किती येतात? पंधरा जुन्या मुलींत एकटी नवी हे कठीण, सहा-सात नव्या एकदम असतील तर निभतं. नवीसाठी बडी (सोबतीण) नेमली जाते, ती पहिल्या आठवड्यापुरती की टर्मभर? रुसव्याफुगव्यांवर काय करता, याला शाळेकडून 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर आलं तर धोक्याची खूण समजा. सगळीकडे होतं.

मोरपंखी
हे पटलं. तरी 'मुलींची शाळा' अशी पाटी असून नर्सरी-रिसेप्शनला मुलगे घेणाऱ्या शाळा आहेत आणि पटसंख्येसाठी हळूहळू पूर्ण मिश्र होणाऱ्याही. ज्यांना मुलींचीच हवी त्यांनी 'पुढच्या चार वर्षांत सहशिक्षण किंवा विलीनीकरणाचा विचार आहे का' हे हेडमिस्ट्रेसना थेट विचारावं. 'सध्या नाही' आणि 'नाही' यांत अंतर आहे.

दफ्तरदार
मोरपंखीताईंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर कागदांत सापडतं आणि ते फुकट मिळतं.

सरकारच्या 'गेट इन्फर्मेशन अबाउट स्कूल्स' या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाका. क्षमता, सध्याची पटसंख्या, वयोगट, मुलामुलींची संख्या, मालक कोण, सगळं दिसतं. क्षमता २०० आणि पट १९० हे ठीक. क्षमता २०० आणि पट १०५ असेल तर पुढे वाचा. ज्युनियर आणि सीनियरची नोंदणी एकच असेल तर आकडा एकत्र येतो. मग ज्युनियरचा इयरनिहाय पट शाळेकडूनच मागायचा.

शाळा धर्मादाय असेल तर चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत हिशेब, कंपनी असेल तर कंपनीज हाउसवर. शाळांचं वर्ष बहुधा ऑगस्टअखेर संपतं आणि धर्मादाय संस्थेला हिशेब द्यायला दहा महिने असतात, म्हणजे जूनपर्यंत. त्यामुळे तुम्ही वाचता ते चित्र जुनं असतं हे लक्षात ठेवा. विश्वस्तांच्या अहवालात पटसंख्येचं वाक्य असतं. तीन वर्षांचे अहवाल उघडून ते शेजारी शेजारी ठेवा. मग 'गोइंग कन्सर्न'चा, म्हणजे संस्था पुढे चालू राहू शकेल का याचा परिच्छेद. तो दोन ओळींचा असेल तर बरं; पानभर असेल आणि त्यात बँकेचं नाव येत असेल तर सावध. चालू देणी मोठी दिसली म्हणून लगेच दचकू नका. पुढच्या टर्मची आगाऊ आलेली फी आणि डिपॉझिटं तिथेच धरलेली असतात.

तपासणी अहवाल: शाळा मोठ्या खासगी संघटनांपैकी एकीची सभासद असेल तर आयएसआय (इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट) तपासते, नसेल तर ऑफस्टेड (सरकारी तपासणी संस्था). सप्टेंबर २०२३पासून आयएसआयने एका शब्दातली श्रेणी बंद केली. आता प्रत्येक विभागात मानकं पूर्ण झाली की नाही एवढंच. म्हणून फाटकावर अजून 'एक्सलंट'चा फलक लटकत असेल तर तो त्याआधीच्या अहवालातला आहे. नव्या अहवालात 'रेकमेंडेड नेक्स्ट स्टेप्स' हा भाग आधी वाचा. मानकं अपुरी असतील तिथे 'एरियाज फॉर ॲक्शन' येतं आणि मागाहून प्रगती-तपासणीचा वेगळा अहवाल निघतो. अपुरेपणा सेफगार्डिंगमधला (मुलांच्या सुरक्षिततेतला) असेल तर तो दुसरा अहवाल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिंचगुळी
दफ्तरदार, लग्नाआधी मुलाकडच्यांची एवढी चौकशी होत नाही हो.

दफ्तरदार
व्हायला हवी. तिथे तर एका टर्मच्या नोटिशीचीही सोय नाही.

शाईदौत
कागद झाले, आता प्रत्यक्ष भेट. ओपन डे बघून ठरवू नका. त्या दिवशी शाळा नटलेली असते आणि प्रयोगशाळेत हमखास धूर निघतो. साध्या मंगळवारी सकाळी वर्ग चालू असताना फिरवा म्हणावं.

वर्गात गेलात की वह्या बघायला मागा. टेबलावर मांडून ठेवलेल्या नकोत. तुम्ही म्हणाल त्या टेबलावरच्या, आणि मधल्या पातळीच्या मुलीची. गणिताची वही उघडा. पहिल्या पानावर सप्टेंबरची तारीख, मग आजची. मध्ये किती पानं भरलीत? आठवड्यातून दोनदाच तारीख दिसत असेल तर बाकीचं काम कुठे होतं ते विचारा. फळ्यावर, टॅबलेटवर, सुट्या कागदांवर की कुठेच नाही? बाईंनी हिरव्या शाईत खूण केली आहे, त्याखाली मुलीने स्वतः दुरुस्ती केली आहे का? नुसत्या बरोबरच्या खुणा आणि चांदण्या म्हणजे वही घरी दाखवायला ठेवलीय. लेखनाच्या वहीत तेच: सप्टेंबरचा परिच्छेद आणि फेब्रुवारीचा परिच्छेद समोरासमोर धरा. वाक्यं लांबली का, विरामचिन्हं वाढली का, की अक्षरच तेवढं सुंदर झालं? मी दहा मिनिटं वह्यांना देईन आणि जलतरण तलावाला एक.

भिंतीवरची तीस चित्रं हुबेहूब एकसारखी असतील तर ती बाईंची चित्रं आहेत. मुलींची स्वच्छतागृहं बघा. वाचनालयात पुस्तकं घरी नेल्याच्या नोंदी बघा.

शिक्षकांबद्दल: खासगी शाळेला राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही, सॅट्सची (सरकारी शाळांतल्या राष्ट्रीय चाचण्यांची) सक्ती नाही आणि शिक्षकाकडे सरकारी पात्रता असलीच पाहिजे असंही नाही. बहुतेकांकडे असते, पण विचारावं. इयर थ्रीत विज्ञान, फ्रेंच, संगीत आणि खेळ वेगळे शिक्षक घेतात की एकच वर्गशिक्षिका? गेल्या वर्षीच्या जुलैचं वार्तापत्र उघडून निरोप घेतलेल्यांची नावं मोजा. दोघीतिघी ठीक, निम्मा स्टाफ गेला असेल तर कारण विचारा. आणि हेडच बदलणार असतील तर तुम्ही पसंत केलेली शाळा सप्टेंबरात तशीच असेलच असं नाही.

सॅट्स नाहीत तर प्रगती मोजता कशी? बऱ्याच शाळा कॅट फोर किंवा तत्सम प्रमाणित चाचण्या घेतात. सरासरी १०० धरून गुण येतात. ते गुण पालकांना दाखवता का? काही शाळा फक्त 'अपेक्षेप्रमाणे' एवढंच कळवतात. कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, ते कळत नाही.

अळूवडी
शाकाहारी जेवणाबद्दल कुणी विचारायचं? आठवड्याचा मेन्यू मागा. 'शाकाहारी पर्याय आहे' म्हणजे पाचही दिवस जॅकेट पोटॅटो आणि चीज निघू शकतं. आणि पर्याय आधी नोंदवावा लागतो का, की रांगेत शेवटच्या मुलीला उरेल ते? घरचा डबा बऱ्याच खासगी शाळांत चालत नाही, जेवण सक्तीचं असतं.

अवांतर: शनिवारी सामने असतात का तेही विचारून घ्या. शनिवारची मराठी शाळा आणि अकराखालच्या संघाचे सामने एकमेकांवर आदळतात.

रानमेवा
आणि गणपती नेमके शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. नवीन शाळा, नवे बूट, त्यात 'आरतीला रजा हवी' असा अर्ज.

पोटमाळा
अवांतराला जोडून कामाचं: खासगी शाळांचं वर्ष छोटं असतं. सरकारी शाळेत १९० दिवस, इथे साधारण ३३ ते ३५ आठवडे. दोघंही नोकरी करणारे असाल तर जादा आठवड्यांचा हॉलिडे क्लब हिशेबात धरा. धाकटं भावंड सरकारी शाळेत असेल तर हाफ-टर्मही (टर्मच्या मधली सुट्टी) जुळेलच असं नाही.

प्रवासाची चाचणी सुट्टीत करू नका. शाळा चालू असलेल्या दिवशी सकाळी ८ वाजता घरापासून निघून बघा. शाळेची बस असेल तर तुमच्या थांब्यावरची वेळ, आफ्टर-स्कूल क्लबनंतर दुसरी फेरी आहे का, आणि इयर थ्रीच्या मुलीला एकटीने बसमध्ये घेतात का, हे तीन प्रश्न. काही मार्गांवर वयाची अट असते.

बाकावरून
सगळ्यांनी इयर थ्रीचं बोललात, पण ज्युनियर शाळा निवडताना खरा प्रश्न इयर सिक्सचा आहे: अकराव्या वर्षी मुलगी कुठे जाणार?

ओवी ज्या पट्ट्यात चालल्यात तिथे सरकारी ग्रामर शाळा (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या, बिनफीच्या) आहेत. किंग्स्टनची टिफिन गर्ल्स, सटनकडच्या नॉनसच आणि वॉलिंग्टन गर्ल्स. तुमच्या मनात तो पर्याय असेल तर आत्ताच शाळेला विचारा. कारण सीनियर जोडलेल्या शाळेला तुमची मुलगी वरच्या वर्गात हवी असते. तिला ग्रामरच्या परीक्षेला तयार करण्यात शाळेचं काहीच हित नाही. काही शाळा सरळ सांगतात की आम्ही त्याची तयारी घेत नाही. ते प्रामाणिक आहे, फक्त वेळेवर कळलं पाहिजे. उलट, अकराला संपणाऱ्या शाळेचं सगळं दुकान बाहेरच्या प्रवेशांवर चालतं, म्हणून तिथे व्हर्बल रीझनिंग (प्रवेशपरीक्षेतले भाषिक तर्काचे प्रश्न) इयर फोरपासून सुरू होऊ शकतं. तेही काही मुलींना जाचतं.

सीनियरमध्ये 'आपोआप' प्रवेश म्हणजे किती आपोआप? परीक्षा आहे का? इयर फाइव्हमध्ये 'ही शाळा तिला मानवणार नाही' असं गेल्या तीन वर्षांत किती पालकांना सांगितलं?

निकालाच्या तक्त्यात 'ऑफर' मोजू नका. वीस मुलींना साठ ऑफर हा आकडा चार हुशार मुलीही फुगवू शकतात. विसांपैकी प्रत्येक जण शेवटी कुठे गेली, ती यादी मागा. तळातल्या पाच जणींचं काय झालं त्यावरून शाळा कळते.

आणि तारखा. सरकारी माध्यमिकसाठी अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑफर १ मार्चला. ग्रामरच्या परीक्षेची नोंदणी मात्र इयर फाइव्ह संपता संपताच करावी लागते आणि परीक्षा इयर सिक्सच्या सुरुवातीला. तळटीप यांनी सांगितलेली नोटीस इथे परत येते: जोडशाळेतून इयर सिक्सनंतर बाहेर पडायचं तर नोटीस समर टर्मच्या आधी चालते की आणखी लवकर, हे त्या शाळेच्या करारात बघा. १ मार्चच्या आधीची तारीख असेल तर सरकारी ऑफर हातात येण्याआधीच तुम्हाला ठरवावं लागेल.

ओवी_२१
इतकं सविस्तर! यादीतून आता दोनच उरल्यात. 'क': सीनियर जोडलेली, प्रत्येक इयरला दोन तुकड्या, वर्गात २० मुली, इयर थ्रीत आठ नव्या घेणार. 'ख': स्वतंत्र, एकच तुकडी, वर्गात १३, धर्मादाय, क्षमता १८० आणि पट १०४. 'ख'ची भेट फार आवडली, वह्याही चोख होत्या, फीही कमी. ग्रामरचा विचार पक्का नाही. 'ख' आत्ता जागा द्यायला तयार आहे, 'क' म्हणते टेस्टर डेनंतर सांगू.

दफ्तरदार
'ख'चे तीन वर्षांचे पट काढलेत का? १०४ स्थिर असेल तर ती छोटी शाळा आहे. १४०वरून १०४वर आली असेल तर ती आटणारी शाळा आहे. दोन्हींत मुलगी आज सारखीच आनंदी दिसेल. इयरनिहाय पटही मागा: रिसेप्शन आणि इयर वनमध्ये सात-आठच मुली असतील तर पुढची दोन-तीन वर्षं वरून जाणाऱ्या जास्त आणि खालून येणाऱ्या कमी.

खडूफळा
'क'चा टेस्टर डे म्हणजे परीक्षाच, फक्त पाटी वेगळी. सकाळी वाचन, थोडं लेखन, गणिताचा कागद, आणि दिवसभर वर्गशिक्षिका बघत असते: सूचना एकदा सांगून कळते का, अडली तर विचारते का, जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलते. शिकवणी लावून जायचं नाही. इयर टूच्या पातळीवर पाढ्यांपैकी २, ५ आणि १०चे सफाईने यावेत आणि समोरच्या परिच्छेदावर पूर्ण वाक्यात उत्तर लिहिता यावं. डबा, पाण्याची बाटली, बाहेर खेळायचे बूट न्यायचे का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

तळटीप
'ख' घाई करतेय का, बघा. त्यांना लिहा की काही दिवसांनी दुसरीकडची भेट आहे, ऑफर तोवर उघडी ठेवाल का? मुली हव्या असलेली शाळा बहुधा हो म्हणते. त्याच इमेलमध्ये विचारा: व्हॅटसकट टर्मची फी, इयर सिक्सपर्यंतचा फीतक्ता, इयरनिहाय पट, विलीनीकरणाची काही बोलणी, आणि शाळा स्वतः बंद झाली किंवा मिश्र झाली तर डिपॉझिटचं काय व नोटीस माफ होते का. हा शेवटचा मुद्दा छापील करारात क्वचित असतो, पण मागितला तर पत्राने देतात. फोनवर उत्तर आलं तर लगेच 'आपलं बोलणं असं झालं' म्हणून तुम्हीच इमेल टाका आणि त्यांची पोच येईपर्यंत सही करू नका.

ओवी_२१
इमेल टाकलं, इयरनिहाय पटासकट सगळं विचारलंय. त्यांचं ऑटो-रिप्लाय आलं: हाफ-टर्म, सोमवारी उत्तर देऊ.

चिंचगुळी
म्हणजे ३४ आठवड्यांबाहेरचा एक हाच.